गिटारबुवांची बारी

बाबा गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात चंद्रहासने मुलाखत दिली आणि त्यात त्यांना 'एक काका' करून टाकलं.

मुलाखत मुंबईच्या एका यूट्यूब चॅनेलवर होती. समोरच्या मुलीने विचारलं, "कंट्री म्युझिक आणि कोकणातला गजर एकत्र आणायचं सुचलं कसं तुम्हाला?" चंद्रहासने मांडीवरच्या गिटारवर बोट फिरवलं, जरा वर पाहिलं. म्हणाला, "ओमानमध्ये दुक्मच्या कॅम्पात एक काका होते. पारंपरिक लोकगीतं गुणगुणायचे. त्या मातीत मला काहीतरी सापडलं."

मी ती घरी पाहत होते, आई माझ्या शेजारी बसून लसूण सोलत होती. "खयचे काका गो?"

"बाबा."

तिने हातातली पाकळी वाटीत टाकली, दुसरी घेतली. "तेका नाव ठावक नाय काय?"

नाव त्याला ठाऊक होतं. दयानंद मेस्त्री. मस्कतजवळच्या आमच्या अल अमेरातच्या याच फ्लॅटमध्ये, याच सतरंजीवर बसून तो चार वर्षं आईच्या हातचं जेवला होता.

बाबा कुडाळकडचे, जातीने सुतार. गावातल्या बुवांच्या मागे बसून कोरसात झांज वाजवत वाढले. पुढे पेटी शिकले, डबलबारीला उभे राहायला लागले. ज्यांनी डबलबारी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात. नमन, अभंग, गौळण आणि शेवटी गजर. गजरात एकमेकांना टोमणे मारायचे, प्रश्न घालायचे, समोरच्याने गाऊनच उत्तर द्यायचं. बुवा ओळ टाकतो, मागचा कोरस ती झांजेवर उचलतो, मग सगळा मांडव उचलतो. ओळ उचलली गेली नाही तर बुवा कितीही सुरेल असो, गजर उभा राहत नाही.

बाबा ओमानला आले ते शटरिंग कार्पेंटर म्हणून. पहिली नोकरी वाळवंटातल्या तेलाच्या कॅम्पात. तिथे टेक्सासचा एक साहेब होता, त्याच्या पिकअपमध्ये दिवसभर कॅसेट चालू असायची. अमेरिकेतल्या गावाकडची गाणी. घर सुटलेला माणूस, म्हातारी आई, ट्रक, तुरुंग, कुत्रा. बाबांना इंग्रजी बेताचं येत होतं. पण ते म्हणायचे, "माका सगळा समाजला. ही गौळणच असा गो. फक्त हयलो कृष्ण ट्रक चालवता."

साहेब परत गेला तेव्हा त्याने आपलं गिटार बाबांना दिलं. बाबांनी प्लंबरकडून तांब्याच्या पाइपाचा तुकडा कापून घेतला, करंगळीत घातला आणि तारांवरून घसरवायला लागले. कंट्रीवाले तसंच करतात हे त्यांना पुढे कळलं. त्यांना फक्त पेटीवर न निघणारी मींड काढायची होती. मग त्यांनी गजराचा ठेका धरला आणि वर मालवणी शब्द घातले. ते सगळं कसं जुळलं हे मी पुष्कळ पुस्तकं वाचूनही सांगू शकत नाही. ऐकणारा आधी हसायचा, मग मान हलवायला लागायचा, आणि कडवं संपेपर्यंत गप्प झालेला असायचा.

कॅम्पाच्या मेसपासून सुरुवात झाली. मग मस्कतमध्ये रूवीतल्या एका हॉटेलात फिलिपिनो बँड कंट्री गाणी वाजवायचा, त्यांनी बाबांना शुक्रवारी आपल्यात घेतलं. सोहार, सलाला, एकदा दुबई. एका सुट्टीत ते गावच्या जत्रेत गिटार घेऊन बारीला बसले. समोरचे बुवा म्हणाले, "पेटी सोडून ह्यां तुणतुणा कसला हाडलंस?" बाबांनी त्याच तुणतुण्यावर त्यांना तासभर उत्तरं दिली. तिथून त्यांना नाव पडलं, गिटारबुवा.

दुक्मला बंदराचं काम निघालं तसे ते शटरिंग फोरमन होऊन तिकडे गेले. तिथे बायका-पोरं नाहीत, गाव नाही. समुद्र, वारा आणि हजारो पुरुष. तिथेच त्यांचं सगळ्यात मोठं गाणं झालं:

*वारो इलो, वारो इलो, दर्यापारसून वारो इलो,*
*माझ्या आवशीन धाडल्यान, माका हुडकूक वारो इलो.*

आईने मुलाला शोधायला धाडलेला वारा. दुक्ममध्ये पावसाळ्याच्या महिन्यांत वारा असा सुटतो की उभं राहवत नाही. त्या वाऱ्यात, पत्र्याच्या मेसमध्ये, दोनशे माणसं हे गाणं उचलायची. मी एकदा फोनवरून ऐकलं होतं. वारा कुठला आणि माणसं कुठली, ते वेगळं करता येत नव्हतं.

चंद्रहास पुण्याचा. मस्कतला आयटीत होता आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणजे इथे शुक्रवार-शनिवारी, कार्यक्रम भरवायचा. त्याने बाबांचं गाणं कुणाच्या तरी मोबाइलवर ऐकलं आणि गाडी घेऊन थेट दुक्म गाठलं. आवाज खरोखर चांगला होता त्याचा. गुरुपौर्णिमेला त्याने मेसमध्ये सगळ्यांदेखत बाबांच्या पायाशी नारळ ठेवला. बाबांनी आपल्या करंगळीतला पाइप काढून त्याच्या बोटात घातला. त्या दिवशी मेसवाल्याने शेवयांची खीर केली होती.

पुढच्या वर्षी बाबांचा घसा धरला. मुंबईला नेलं, गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागलं. परत आले ते गळ्याला भोक घेऊन. बोलायचं असेल तर मोबाइलवर टाइप करायचे. चंद्रहास भेटायला आला, पायाशी बसला, म्हणाला, "काका, तुमची गाणी मी बंद पडू देणार नाही." बाबांनी मान डोलावली.

वर्षभराने 'कंट्री गजर' नावाचा अल्बम आला. गीत, संगीत, गायन, सगळीकडे चंद्रहास. आठही गाणी बाबांची. मी ते बाबांना कळू नये अशा बेतात होते, पण दुक्मच्या कुणीतरी लिंक पाठवली. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला, तिथून आले तेव्हा ते फोन कानाशी धरून बसले होते. 'वारो इलो' चालू होतं. ध्रुवपद आलं तसं त्यांनी तोंड उघडलं. ओळ उचलायला. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. पुन्हा ध्रुवपद, पुन्हा तेच. गाणं संपल्यावर त्यांनी मला टाइप करून दाखवलं: "आवाज चांगला लागलाय त्याचा."

त्यानंतर त्यांनी गिटारला हात लावला नाही. रागावले मात्र नाहीत, शेवटपर्यंत. ते काम मी घेतलं.

मुलाखत पाहिल्यावर मी चंद्रहासला भेटायला बोलावलं. मस्कतमधल्या कुरमच्या एका कॅफेत तो आला, काळे कपडे, डोळ्यांत पाणीसुद्धा.

"उर्वी, अगं मला फ्युनरलला यायचं होतं. शूट होतं."

"लोकगीतं म्हणालास."

"हो, ते... अगं, समजून घे. म्युझिक कंपनीला मी लिहून दिलंय, रचना माझ्या आहेत, लोकपरंपरेवर आधारित. आता मी काकांचं नाव घेतलं तर मी खोटा ठरतो. लीगली."

"ठरशील."

"आणि काकांनी मान डोलावली होती. तू होतीस तिथे."

"मान डोलावण्याशिवाय त्यांना काय करता येत होतं?"

त्याने कप बाजूला सारला. मग पुढे वाकून म्हणाला, "हे बघ, मी स्टेजवर त्यांना मनातल्या मनात नमस्कार करतो दर वेळी. मनातल्या मनात करायला मला कुणी अडवत नाही ना?"

मी माझी कॉफी संपवली. तिथे चिडण्यात अर्थ नव्हता. त्याच्या बोलण्यातली एकच गोष्ट माझ्या कामाची होती. तो नाव घेऊ शकत नव्हता.

त्या वर्षी दिवाळीनंतर इथल्या मराठी मंडळींनी त्याचा मोठा कार्यक्रम ठरवला. आता तो मुंबईला असायचा, त्यामुळे 'आपला मस्कतचा मुलगा परत येतोय' असं सगळीकडे फिरत होतं. गंमत म्हणून त्यात डबलबारी घालायचं त्यालाच सुचलं. सिंधुदुर्गातून एक बुवा यायचे होते, त्यांचा व्हिसा झाला नाही. मंडळाचे सेक्रेटरी कृष्णकांत काका माझ्याच शाळेत अकाउंट्सला. ग्रंथालयात येऊन कपाळाला हात लावून बसले.

"आता समोर कुणाला बसवू? पोस्टर छापून झालंय गं."

"मी बसते."

"तू? तू तर पुस्तकं लावतेस."

"दयाबुवांची मुलगी आहे मी. पेटी येते मला."

त्यांनी तिथूनच चंद्रहासला फोन लावला. स्पीकरवर त्याचा आवाज आला, "दयाकाकांची मुलगी समोर? वॉव. काय इमोशनल अँगल आहे काका! नक्की, नक्की." त्याला वाटलं, मी नरमले. त्याच्या लेखी डबलबारी म्हणजे टीव्हीवर पोरं एकमेकांना तालात चिडवतात तसलं काहीतरी होतं.

साथीसाठी मी रुस्ताकला गेले. जैनुद्दीन चाचांचं तिथे सूकजवळ, बाजारात, शिलाईचं दुकान आहे. मूळचे मालवणचे. बाबांच्या बरोबर वीस वर्षं त्यांनी ढोलकी धरली. मशीनवर दिशदाशाची, ओमानी झग्याची, बाही चालू होती. माझं बोलणं होईपर्यंत त्यांनी ती थांबवली नाही.

"मगे? काय इचारतलंस गजरात?"

"गुरू कोण, ते विचारणार आहे."

मशीन थांबलं.

"उर्वी, बाय, ता कोणी इचारनत नाय. टोमणो मारूचो येगळो. गुरू इचारूचो म्हणजे माणसाच्या गळ्याक हात घालूचो."

"म्हणूनच."

"त्येना नाव घेतल्यान नाय तर काय होता, ठावक असा तुका? कोरस झांज खाली ठेयता. निगुऱ्याच्या गजराक साथ देवची नाय, असा आमचा. माज्या उभ्या जल्मात मी ता एकदाच बगलंय. तो बुवा मगे गावात ऱ्हवलो नाय."

"इथे कोरसाला कोण आहे?"

"मंडळाचे. चार जण कुडाळचे, दोन वेंगुर्ल्याचे." ते माझ्याकडे बघत राहिले. "ता सगळा तू आदीच बगून इलंस मा?"

"हो."

"बापूस तुजो असो नव्हतो गो."

"माहीत आहे."

त्यांनी बाही उलटी केली, दोरा तोडला. "येतंय मी. पण तुज्यासाठी नाय. दयासाठी."

कार्यक्रम शुक्रवारी दुपारचा होता, क्लबच्या हॉलमध्ये. पुढच्या खुर्च्यांवर मस्कतची कुटुंबं, इंग्रजीत बडबडणारी मुलं, गजरे माळलेल्या बायका. मागे दुक्मची माणसं. ती पहाटे बसने निघाली होती, कंपनीकडून बस मागून घेऊन. त्यांचा पुढारी राकेश, क्रेन ऑपरेटर. मला पाहून उभा राहिला.

"ताई, गिटारबुवांचा गाणा ऐकूक इलंव. मेसमधी तेंच्या मागे कोणी म्हणूकच नाय. कोणाची छातीच होणा नाय."

"ऐकाल," मी म्हटलं.

आई पहिल्या रांगेत बसली होती, बाबांच्या आवडीचं हिरवं पातळ नेसून. माझ्या मनात काय आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं.

पहिली बारी चंद्रहासची. दिवे, ड्रम, बाजूला फिलिपिनो बासवाला, मागे मंडळाचा कोरस. कोरसात सगळ्यात जुने गणपत मामा, एका कॅन्टीनचे आचारी, झांज पुसून मांडीवर घेऊन बसलेले. चंद्रहास छान गायला, ते मी नाकारत नाही. बाबांचा पाइप त्याच्या करंगळीत होता. तारेवरून तो घसरला की माझ्या पाठीतून काहीतरी जायचं. त्याने मला दोन टोमणे मारले, लायब्ररीत शांतता पाळा वगैरे. पुढच्या रांगा हसल्या. मीही हसले.

मग माझी बारी. माझा आवाज साधा आहे. मी अभंग म्हटला, गौळण म्हटली, लोकांनी मुलीचं कौतुक म्हणून टाळ्या दिल्या. चाचांनी ठेका बदलला आणि मी गजराला हात घातला:

*सूर तुमचो गोड बुवा, गिटार तुमची भारी,*
*कोणाच्या पायाकडे बसान शिकलास ही बारी?*
*टाळयो नको, दिवे नको, नको बातां सारी,*
*गुरूचा नाव घेवा बुवा, मगे पुढची बारी.*

कोरसाने ओळ उचलली, पण अर्धीच. शब्द ध्यानात आले तसे आवाज खाली गेले. मागच्या रांगा एकदम सावरून बसल्या. पुढे कुणीतरी अजून टाळ्या वाजवत होतं.

चंद्रहासने माइक घेतला. त्या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, काहीतरी आहे एवढं त्याला जाणवलं. पण कॅमेरे चालू होते आणि मुंबईच्या कंपनीचा माणूस विंगेत उभा होता. तो हसला.

"उर्वी मॅडमनी फारच जुना प्रश्न विचारला! अहो, आमच्या पिढीला कसला गुरू? सेल्फ-टॉट माणूस आहे मी." आणि तालात, गिटार छेडत:

*गुरू माझा गूगल आणि गुरू माझं काळीज,*
*बाकी कुणी नाही बुवा, मीच माझं बीज!*

पुढे हशा झाला. एका बाईने शिट्टी वाजवली. मागून काही आलं नाही. तिथे बसलेल्या निम्म्या माणसांनी त्याला मेसमध्ये नारळ ठेवताना पाहिलं होतं, आणि खीर खाल्ली होती.

"आणि आता," चंद्रहास म्हणाला, "ज्यासाठी तुम्ही सगळे आलायत!"

ड्रमने सुरुवात केली. पाइप तारेवरून घसरला. त्याने ओळ टाकली. *वारो इलो, वारो इलो, दर्यापारसून वारो इलो.*

गणपत मामांनी मांडीवरची झांज घेतली आणि समोर अंथरलेल्या पंच्यावर पालथी ठेवली. एक, मग दुसरी. शेजारच्याने ठेवली. मग सगळ्यांनी. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. काही ठरवलेलं नव्हतं. मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते.

ओळ हॉलमध्ये गेली आणि तिथेच पडली.

त्याला वाटलं, चुकलं असेल काहीतरी. त्याने पुन्हा ओळ टाकली, हात वर करून. "यल्ला, जोरात!" पुढच्या मुलांनी टाळ्या धरल्या, त्या ठेक्याबाहेरच्या होत्या, आयांनी मागे वळून पाहिलं आणि मुलांचे हात धरले. तिसऱ्यांदा ओळ टाकली तेव्हा त्याचा आवाज चिरकला. बासवाला एकटाच वाजवत राहिला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तारांवर तळवा ठेवला.

"काय झालं?" चंद्रहास माइकमध्ये म्हणाला. "माइक बंद आहे का?"

माइक चालू होता. तो प्रश्न सगळ्या हॉलला ऐकू गेला.

मागून राकेश उभा राहिला. आवाज चढवला नाही त्याने. "बुवांनू, गुरूचा नाव घेवा."

चंद्रहास त्या बाजूला पाहत राहिला. नंतर वळून मामांकडे, पंच्यावरच्या झांजांकडे. त्याला एवढ्या वेळात कळलं असावं, की हा विनोद नव्हता आणि यातून गाऊन सुटका नाही. मग माझ्याकडे. बारीत समोरच्या बुवाने उठून जायचं नसतं. मी पेटीवर हात ठेवून बसले होते आणि त्याच्याकडे बघत होते. अल्बम आल्यापासून तीन वर्षं मी याची वाट पाहिली होती. गर्दीत, दिवे लागलेले असताना, तोंड उघडावं आणि कुणी उचलू नये, हे त्याला कळावं इतकंच मला हवं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं. घाई करायची नाही, असं मी स्वतःला बजावलं. नीट बघून घे.

विंगेतला माणूस हाताने नको-नको करत होता. चंद्रहासने गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला.

"दयानंद मेस्त्री," तो म्हणाला. "दयानंद मेस्त्री माझे गुरू. ही गाणी त्यांची आहेत. सगळी." मग पाइप काढून मुठीत धरून उभा राहिला.

आईने पदर तोंडाला लावला. मागच्या रांगांमध्ये कुणीतरी "बुवा" म्हणालं आणि माणसं उभी राहायला लागली.

चाचांची बोटं ढोलकीवर आली. हळू, गजराचाच ठेका. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घेतल्यान नाव त्येना. उचल."

तशीच रीत आहे. गुरूचं नाव घेतल्यावर ज्याने प्रश्न घातला त्याने पहिली ओळ उचलायची, मग कोरस, मग मांडव. मी उचलली नाही तर कुणीच उचलू शकत नव्हतं. मामांचा हात झांजेवर होता. दुक्मची सगळी माणसं उभी होती, तोंडं अर्धी उघडी. एक ओळ मी म्हणायची होती. पुढचं त्यांनी म्हटलं असतं, आणि बाबांचं गाणं बाबांच्या नावाने पहिल्यांदा मस्कतच्या हॉलमध्ये उभं राहिलं असतं.

चंद्रहास माझ्याकडे बघत होता. डोळे भरले होते, आणि या वेळी खरे असावेत. त्याने ओठांनी म्हटलं, "प्लीज."

ओळ उचलली तर तो तीत सामील होणार होता. सगळ्यांच्या आवाजात त्याचा आवाज, तो चांगला आवाज, सगळ्यांच्या वर गेला असता. लोकांनी डोळे पुसले असते आणि त्याला जवळ घेतलं असतं. गाणं संपेपर्यंत तो दयाबुवांचा शिष्य झाला असता.

ठेका चालू होता. मी पेटीचा भाता मिटला.

"उर्वी," चाचा म्हणाले. "उर्वी, बाय."

मी भात्याची कडी अडकवली. "बारी संपली," मी माइकमध्ये म्हटलं, आणि उठले.

चाचांचा हात थोडा वेळ चालत राहिला. मग तोही थांबला.

बाहेर पार्किंगमध्ये दुक्मची बस सुरू करून ठेवली होती. माणसं चढत होती. राकेश माझ्यापाशी आला.

"त्येची जिरवलात ता बरा केलात," तो म्हणाला. "पण आमी काय केलला ताई?"

"राकेशभाऊ, त्याने..."

"त्येचा सोडा. आमी पाटेपासना बसान इललंव. सगळ्यांका वाटला, आता तुमी उचलतलात." तो वळला आणि बसमध्ये चढला.

गाडी अमेरातच्या घाटाला लागली तशी आईने काच थोडी खाली केली. मग म्हणाली, "नाव घेतल्यान मा त्येना?"

"उशिरा घेतलं."

"तुज्या बापसाक चालला असता."

"मला नाही चाललं."

ती खिडकीतून डोंगर बघत राहिली. एवढ्या वर्षांत ती माझ्यावर कधी आवाज चढवून बोललेली नाही. तेव्हाही नाही.

व्हिडिओ सगळीकडे गेला. पंच्यावर पालथ्या झांजा आणि 'माइक बंद आहे का', एवढंच लोक पुन्हा पुन्हा पाहत होते. कंपनीने करार मोडला आणि अल्बम सगळीकडून काढून घेतला. चंद्रहासचे कार्यक्रम रद्द झाले. मुंबईत तो आता दुसऱ्यांच्या जाहिरातींना चाली लावतो, असं कृष्णकांत काकांनी सांगितलं. ते सांगताना त्यांचा चेहरा कसानुसा झाला होता, म्हणून मी त्यांना चहा पाजला. मला बरं वाटलं. अजूनही आठवलं की बरं वाटतं.

बाबांच्या आवाजात नीट रेकॉर्ड झालेलं एकही गाणं नाही. मोबाइलवरचे तुकडे आहेत, त्यात वारा फार. नीट गायलेली आठ गाणी होती ती चंद्रहासची, आणि ती आता कुठे मिळत नाहीत. जैनुद्दीन चाचा फोन घेतात, आईची चौकशी करतात. ढोलकी त्यांनी कुणाला तरी देऊन टाकली.

गेल्या महिन्यात चंद्रहासचा ईमेल आला. कंपनी तयार आहे. अल्बम पुन्हा काढतील, गीत-संगीत दयानंद मेस्त्री, तो फक्त गायक. वारस म्हणून माझी संमती लागेल. खाली लिहिलं होतं, 'माझ्यासाठी नको करूस. त्यांच्यासाठी कर.' मी आईला वाचून दाखवला.

"मगे?" ती म्हणाली.

"नाही."

"नाव तर तेंचाच येतला."

"आवाज त्याचा असेल."

"उर्वी, दुसरो आवाज खयसून हाडूचो आता?"

मी उत्तर लिहिलं. संमती नाही. दोन शब्द, खाली सही. आईने पाठ फिरवून कुकर लावला.

दुपारी मी शाळेतून लवकर येते तेव्हा कधी कधी दाराबाहेरच तिचा आवाज कानावर येतो. ती स्वयंपाकघरात *वारो इलो* म्हणत असते, हळू, भांड्यांच्या आवाजात. कुलपात किल्ली फिरली की ती थांबते. मी आत जाते, चपला काढते. ती विचारते, "जेवलंस काय गो?" मी हो म्हणते.